एंडोमेट्रिओसिस: एक नाव, तीन रूपे

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजल्या की एंडोमेट्रिओसिस होतो. पहिल्या प्रकारातले, पोटाच्या आतल्या पातळ आवरणावरचे वरवरचे ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. मग ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून बाईची बोळवण होते. दुसऱ्या प्रकारात, अंडाशयातल्या ‘चॉकलेट सिस्ट’मध्ये जुने, काळपट, घट्ट रक्त साचते. ती काढताना निरोगी बीजांडेही जाऊ शकतात, त्यामुळे मूल हवे असेल तर शस्त्रक्रियेची घाई नको. 5 मिलिमीटरहून खोल शिरलेला तिसरा प्रकार आतड्यापर्यंत किंवा मूत्राशयापर्यंत पोहोचू शकतो. मग पाळीत शौचाला बसतानाही कळा येऊ शकतात. त्याची शस्त्रक्रिया अनुभवी पथकाचेच काम. डायनोजेस्टसारखी संप्रेरके तिन्ही प्रकारांत वेदना कमी करू शकतात, गर्भधारणेला मात्र मदत करत नाहीत. शिवाय रोग जितका पसरलेला, तितके दुखणे जास्त, असेही नसते.