घराचे धनी कोण?

बाहेरच्या महाराष्ट्राला तळोजा ठाऊक आहे तो दोन कारणांनी : कारखान्यांचा धूर आणि मध्यवर्ती कारागृह. या दोहोंच्या आधी तेथे भातशेती होती, कासाडी नदीत मासळी होती आणि आगरी-कोळ्यांची नांदती गावठाणे होती, ही गोष्ट आता जुन्या माणसांच्या बोलण्यातच उरली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ साली ठाण्यापासून उरणपर्यंतचा भूमिपुत्र रस्त्यावर उतरला होता आणि २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तसा ठरावही केला. ही मागणी न्याय्यच होती. परंतु नावाच्या वादात जेवढा आवाज उठला, त्याच्या दशांशानेही तो गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांविषयी उठला नाही. ती घरे नियमित करण्याचे निर्णय २०२२ मध्ये आणि त्यानंतरही निघाले. ज्यांच्या जमिनीवर शहर वसले, त्यांच्या मुलानातवंडांचे घर सरकारदरबारी अतिक्रमण ठरावे, ही परिस्थिती मुळात उद्भवली कशी, याची चर्चा मात्र कोणी केली नाही.

अस्मितेचा जयघोष आणि भूमीचा हक्क यांची अशी फारकत एकट्या महाराष्ट्रात झालेली नाही. सध्या राष्ट्रीय अस्मितेने भारावलेल्या कॅनडाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला एक्कावन्नावे राज्य बनविण्याची भाषा सुरू केली, आयातशुल्काचा बडगा उगारला, आणि एरवी आपली ओळख काय याविषयी कायम साशंक असणारा तो देश २०२५ साली एकाएकी एकवटला. वास्तविक कॅनडाने आपली राष्ट्रीय चिन्हे फार सावकाश जमविली. संघराज्य १८६७ चे. मेपलच्या पानाचा ध्वज १९६५ चा. राज्यघटना ब्रिटिश संसदेच्या हातून आपल्या हाती आली ती १९८२ साली, आणि तिलाही क्वेबेक प्रांताने आजतागायत संमती दिलेली नाही.

मराठी वाचकाला या क्वेबेकची कहाणी परकी वाटू नये. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत क्वेबेकमध्ये झां लेसाज यांच्या उदारमतवादी पक्षाने सत्ता मिळविली. माँट्रियलमध्ये भांडवल इंग्रजी भाषकांचे आणि घाम फ्रेंच भाषकांचा, अशी तेथील वाटणी होती. गिरणगावाला ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. 'आपल्या घरात आपणच धनी' ही १९६२ च्या निवडणुकीतील लेसाज यांची घोषणा. ती पोकळ नव्हती. पुढच्याच वर्षी खाजगी वीज कंपन्या प्रांताच्या मालकीच्या महामंडळात विलीन करण्यात आल्या. भाषिक न्याय आणि सार्वजनिक मालकी यांचा असा संगम पाहून कोणाही समाजवाद्याने टाळीच दिली असती.

त्या टाळीचा आवाज विरण्यापूर्वीच पुढचा अध्याय सुरू झाला. १९७१ मध्ये क्वेबेक सरकारने उत्तरेकडील जेम्स उपसागराला मिळणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. त्या नद्यांच्या काठी पिढ्यान् पिढ्या शिकार आणि मासेमारी करणाऱ्या क्री आणि इनुइट लोकांना कोणी विचारलेदेखील नव्हते. ते न्यायालयात गेले. त्यांच्याजवळ जमिनीचा कागद नव्हता. शिकाऱ्यांनी साक्षीत आपले पाणवठे, आपल्या वाटा आणि आपले ऋतू सांगितले. न्यायमूर्ती मालूफ यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये काम थांबविण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने आठवडाभरातच तो उठविला; तथापि सरकारला वाटाघाटीला बसणे भाग पडले होते. १९७५ च्या करारात साडेबावीस कोटी डॉलरची भरपाई, शिकारीचे राखीव हक्क, शाळांचा स्वतंत्र कारभार आणि शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नाची हमी या गोष्टी मिळाल्या. त्या बदल्यात जमिनीवरचा मूळ हक्क सोडावा लागला, आणि धरणांच्या जलाशयांतील माशांत पारा उतरला तो वेगळाच. कराराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण 'आपल्या घरात' या शब्दांतील 'आपण' कोण, हा प्रश्न तेथे एकदा तरी न्यायालयात विचारला गेला.

महाराष्ट्रात तो न्यायालयात नव्हे, रस्त्यावर विचारावा लागला. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे तरुण उमेदवार दि. बा. पाटील पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी १ एप्रिलच्या कृषकदिनाने कुळांना जमिनीच्या मालकीची वाट मोकळी केली. चरीच्या संपापासून खोतांशी झगडत आलेल्या रायगडच्या कुळाला अखेर सातबारावर मालक म्हणून नाव दिसू लागले. आणि १९७० मध्ये, राज्य स्थापन होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी सिडकोच्या नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. तळोजाच्या वाट्याला एका बाजूने औद्योगिक विकास महामंडळ आले आणि दुसऱ्या बाजूने सिडको. दोन्ही महामंडळे सरकारी, दोन्ही मराठी राज्याची. १०६ हुतात्म्यांचे रक्त सांडून जे घर मिळविले, त्याच घराच्या धन्याने ही नोटीस पाठविली होती.

या व्यवहाराचे अर्थकारण साधे आहे. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने शेतीच्या भावाने जमीन घ्यायची, तीच महामंडळाचे भांडवल समजायची, रस्ते आणि गटारे करून तिचे भूखंड पाडायचे आणि ते शहरी भावाने विकून पुढच्या कामाचा खर्च भागवायचा. मूल्यवृद्धीतील कुळाचा वाटा शून्य. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी पडले, तेव्हा कोठे या हिशेबात दुरुस्ती होऊ लागली, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व अमलात यायला १९९० चे दशक उजाडले. शेतकऱ्याला शहराच्या वाढत्या मूल्यात भागीदार मानण्याचे हे तत्त्व मोठेच होते. परंतु त्याचा आधार सातबारा. ज्याच्या नावे सातबारा नव्हता तो शेतमजूर, मिठागरातला कामगार, खाडीवर जगणारा कोळी या टक्केवारीत बसलाच नाही. क्री शिकाऱ्याच्या तोंडच्या साक्षीला तेथे जे वजन मिळाले, ते येथे कोळ्याच्या जाळ्याला कोणी दिले नाही.

डाव्या चळवळीला येथे स्वतःकडेही पाहावे लागेल. जमीन टाटा-बिर्लांनी घेतली असती तर मोर्चे पहिल्याच दिवशी निघाले असते. ती 'सार्वजनिक हितासाठी' सार्वजनिक महामंडळाने घेतली, म्हणून कित्येकांच्या मनात विरोधाचे बळ उशिरा गोळा झाले. मालकी सरकारची झाली की ती समाजाची झाली, हे समीकरण जेम्स उपसागराच्या काठी चुकले आणि पनवेलच्या खाडीकाठीही चुकले.

ऑक्टोबर १९९५ मध्ये क्वेबेकने कॅनडापासून अलग होण्याविषयी सार्वमत घेतले. अलगतेचा पक्ष एक टक्क्याहून थोड्या अधिक फरकाने हरला. त्याच्या सहाच दिवस आधी क्री लोकांनी आपले स्वतंत्र सार्वमत घेऊन ९६ टक्के मतांनी बजावले होते की, आमच्या संमतीवाचून आम्हाला आणि आमच्या भूमीला कॅनडाबाहेर नेता येणार नाही. त्यांना ओटावाचे प्रेम होते असे नव्हे. घरातल्या धन्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आणि आता जून २०२५ मध्ये, अमेरिकेविरुद्धच्या एकजुटीच्या भरात, 'राष्ट्रहिताचे' प्रकल्प झटपट मंजूर करण्याचा कायदा कॅनडाच्या संसदेने केला, तेव्हा ओरड केली ती पुन्हा आदिवासी राष्ट्रांनीच.

तळोजापर्यंत मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये पोहोचली. पेंधरच्या स्थानकावरून उंच इमारतींच्या रांगा दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी जुने गावठाण दिसते. १९७० नंतर त्या गावात तिसरी पिढी जन्मली. गावठाणाची हद्द मात्र त्या पिढीसाठी वेळेवर वाढविली गेली नाही. त्या घरांची मोजणी करून जमिनीची मालकी राहणाऱ्याच्या नावे करणे, आणि कासाडीच्या पाण्यावर ज्यांचे पोट होते त्या बिनसातबाऱ्याच्या कुटुंबांची यादी गावोगाव करणे, ही दोन कामे पक्षाच्या पनवेल-उरणमधील कार्यकर्त्यांना कोणत्याही ठरावाची वाट न पाहता हाती घेता येतील. यादीला लागणाऱ्या साक्षी देणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.