गर्भकाळ आणि जीवदया

तत्त्वार्थसूत्रात गर्भजन्माचे जरायुज, अंडज व पोत असे तीन भेद सांगितले आहेत. गर्भाचा काळ मात्र प्रत्येक जीवाचा निराळा. उंदराची पिले सुमारे २० दिवसांत जन्मतात. ती आंधळी असतात, पण बिळात सुरक्षित वाढतात. शेळीला सुमारे ५, गायीला ९, तर हत्तिणीला २२ महिने लागतात. त्यांच्या पिलांना जन्मल्यावर लवकरच कळपासोबत चालायचे असते.

माहुलच्या खाडीत हिवाळ्यात उतरणारा रोहित पक्षी अंडज. त्याची मादी एकच अंडे घालते; कच्छच्या रणात ते सुमारे २८ दिवस उबवले जाते. तत्पूर्वी तिचा देह पोसतो माहुलच्या चिखलातील शेवाळावर. म्हणून खाडीत टाकलेला कचरा न जन्मलेल्या जीवालाही बाधतो. आपली जीवदया तेथपर्यंत पोहोचावी.