भेंडी आणि जास्वंद : बहिणी एका घरच्या, सवयी वेगळ्या



गणपतीला वाहायचं लाल जास्वंदीचं फूल आणि डब्यातली भेंडीची भाजी, यांचं एकमेकींशी नातं काय? तुम्ही म्हणाल, "काहीच नाही!" पण थांबा हं. भेंडीचं फूल कधी नीट पाहिलंय का? फिकट पिवळ्या पाच पाकळ्या, मधोमध गडद तांबडा ठिपका आणि त्यातून वर आलेली परागकणांची दांडी. आता जास्वंदीचं एकेरी फूल शेजारी धरा. तशाच पाच पाकळ्या, तशीच दांडी, फक्त ती खूप लांब. दोन्ही फुलं सकाळी उमलतात आणि बहुधा एका दिवसातच मिटतात.

आहेतच त्या बहिणी! कापूस आणि अंबाडीसुद्धा याच कुळातली. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५३ साली भेंडी आणि जास्वंद या दोघींना 'हिबिस्कस' हे एकच आडनाव दिलं होतं. पुढे भेंडीचं आडनाव बदललं, पण चेहरेपट्टी काही बदलली नाही.

मग दोघींना एकाच पद्धतीने वाढवलं तर चालेल का? आमच्या वर्गातली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आहे, थोडं चालेल, थोडं नाही. आणि हे 'थोडं नाही' ज्याला कळलं, त्याच्याच कुंडीत भेंडी लागते, बरं का!

लावायचं कसं?

भेंडी बियांपासून येते. बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरा. उबेत चार ते सात दिवसांत कोंब वर येतो. कडाक्याच्या थंडीत मात्र बी रुसून बसतं, म्हणून आपल्याकडे भेंडी जून-जुलैत किंवा जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत पेरतात. भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं. रोप उपटून दुसरीकडे लावायला गेलात की ते मूळ दुखावतं. म्हणून जिथे वाढवायची तिथेच पेरायची, आणि कुंडी निदान बारा इंच खोल घ्यायची. अशा कुंडीत एकच रोप ठेवा. दोन ठेवली तर दोन्ही अर्धपोटी राहतील.

आपल्या अंगणातल्या बहुतेक जास्वंदींना बी धरतच नाही. तिची फांदी लावतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी कापा. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा आणि ओलसर मातीत सावलीत खोचा. तीन ते पाच आठवड्यांत मुळं फुटतात. रोज उपटून "मुळं आली का?" हे बघायचं नाही हं! जास्वंद आधी लहान कुंडीत आणि मोठी झाली की मोठ्या कुंडीत हलवली तरी तिची तक्रार नसते.

ऊन, खत आणि पाणी

ऊन दोघींनाही हवं. रोज निदान सहा तास. पण कमी पडलं तर काय होतं? जास्वंद हिरवीगार राहते, फुलं मात्र कमी देते. भेंडी काडीसारखी उंच, किडकिडीत होते आणि तिला भेंड्या फारशा धरत नाहीत. म्हणून गॅलरीत उन्हाची जागा एकच असेल, तर ती भेंडीला द्या.

भेंडी पाहुणी आहे, तीन-चार महिन्यांची. पेरल्यापासून साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तिला फुलं येतात. एवढ्या घाईत असलेल्या पाहुणीला वाढून तयार ताट लागतं. म्हणून कुंडी भरतानाच तीन भागांतला एक भाग शेणखत किंवा गांडूळखत घाला, आणि फुलं दिसू लागली की आणखी एक मूठ. जास्वंद घरचीच, वर्षानुवर्षं राहणारी. तिला महिन्याला एक मूठ खत पुरतं. नत्राचं खत फार झालं, तर दोघीही नुसती पानंच वाढवत बसतात.

पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहा. ओल लागली तर आज सुट्टी! आता खरा अवघड प्रश्न. मे महिना आहे, नळाला पाणी एक दिवसाआड येतंय आणि कुंड्यांसाठी एकच तांब्या शिल्लक आहे. कुणाला द्याल? भेंडीला भेंड्या लागत असतील तर आधी तिला. तिची माती वाळली की फुलं गळतात, भेंड्या राठ होतात, आणि गेलेले दिवस भरून काढायला तिच्याकडे वेळच उरत नाही. मोठी झालेली जास्वंद मात्र पानं, कळ्या गाळून तग धरते आणि पाणी मिळालं की पुन्हा पालवते. तिच्या मातीवर पालापाचोळ्याचा थर द्या, कुंडी दुपारच्या सावलीत सरकवा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीही दोघींना चालतं. साबणाचं नको.

तोडायचं की ठेवायचं?

इथे दोघी बहिणी अगदी वेगळ्या. भेंडीच्या झाडाला तुमच्या भाजीशी काही देणंघेणं नाही, त्याला आपलं बी तयार करायचं आहे. शेंग झाडावर जून झाली, आतलं बी पिकू लागलं, की झाडाची शक्ती तिकडे जाते आणि नवी फुलं कमी होतात. फूल येऊन गेल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी कोवळी तोडली, की झाड पुन्हा कामाला लागतं. म्हणून एक दिवसाआड तोडणी हवीच. बियाण्यासाठी मात्र शेवटच्या एक-दोन भेंड्या झाडावरच वाळू द्या.

जास्वंदीचं फूल तोडा अथवा ठेवा, संध्याकाळपर्यंत ते मिटणारच. तिला कात्री हवी ती फांद्यांना, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. वर्षातून एकदा छाटली की ती भरगच्च होते.

कीड लागली तर?

कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दोघींनाही छळतो. जास्वंद बारा महिने उभी, म्हणून तो तिच्यावर मुक्काम करतो आणि मुंग्यांच्या मदतीने शेजारच्या भेंडीवर पोचतो. तेव्हा दोन्ही कुंड्या चिकटून ठेवू नका. जुन्या टूथब्रशने कीड घासून काढा आणि पाण्याचा जोराचा फवारा मारा.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर औषध नाही, रोप उपटून टाकायचं. या रोगाला तोंड देणारा 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण आपल्या मराठवाड्यातल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने तयार केला. आहे की नाही अभिमानाची गोष्ट!

आई-बाबांसाठी दोन शब्द

कुंडीतल्या भेंडीवर बाजारातलं विषारी कीटकनाशक मारू नका. ती दर दोन दिवसांनी मुलांच्या पोटात जाणार आहे. जास्वंदीवरही नको, कारण फूल तोडायला पुढे होतात ते मुलांचेच हात. कीड फारच वाढली तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. भेंडी धुऊनच वापरा. आणि मुलांच्या कुंडीला गुपचूप पाणी घालू नका! एखादं रोप वाळलं तर वाळू द्या. त्यातूनही मुलं शिकतात.

करून पाहा

भेंडीची दोन रोपं दोन सारख्या कुंड्यांत वाढवा. एकीच्या भेंड्या एक दिवसाआड तोडा. दुसरीच्या पहिल्या तीन भेंड्या तशाच झाडावर ठेवा. महिनाभर दोन्ही झाडांवरची नवी फुलं मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. कोण जिंकलं? का जिंकलं? आधी स्वतः विचार करा आणि मगच वही वर्गात बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.

चला तर मग, बी भिजत घाला!