किडनीचा नुसता फोटो नको, हिशेब द्या

आम्ही खानापूर तालुक्यातली गलाईवाली माणसं. सोन्या-चांदीच्या भट्टीपायी तामिळनाडूभर पसरलो. मी चेन्नईत सौकारपेटला. बोलण्यापुरतं तमिळ येतं, म्हणून आमच्यातल्या कुणाचं लेकरू एग्मोरच्या सरकारी बालरुग्णालयात न्यायचं झालं की दुभाष्या मीच.

किडनीला सूज असलेली बाळं हल्ली बरीच दिसतात, कारण ती आईच्या पोटातच सोनोग्राफीत कळते. आईबाप घाबरतात आणि मला म्हणतात, "अण्णा, डॉक्टरला सांगा, सरळ एमआरआयच काढा. पैशाचं बघू." मी सांगत नाही. आमच्या धंद्यात वजनावरून कस ठरत नाही, तसा फुगवट्यावरून लघवीच्या वाटेतला अडथळा ठरत नाही. कितीतरी बाळांची सूज आपोआप उतरते. किडनी किती काम करते आणि लघवी खाली उतरते का, हे बहुतेकांचं न्यूक्लिअर स्कॅनवर कळतं, तेही कमी खर्चात. एमआरआयसाठी तान्ह्याला हलू न देता झोपवायचं, बऱ्याचदा गुंगी द्यायची. शिवाय किडनी फारच अधू असेल तर चित्र उठून दिसावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन जपून.

मात्र काही दुखणी एमआरआयनंच उलगडतात. भावकीतली एक पोर वेळच्या वेळी लघवीला जायची, तरी चड्डी कायम ओली. घरात बोलणी खायची. तिची एक मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता भलतीकडेच, खाली उघडत होती. सोनोग्राफीत ते निसटलं. एमआरआयमध्ये साचलेलं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, त्यात ती वाट दिसली. बोलणी खाल्ली ती पोरीनं, चूक होती नळीची.

माझी तक्रार पुढची आहे. एका खाजगी केंद्राचा एमआरआयचा महागडा रिपोर्ट हातात आला. त्यात 'डावी किडनी फुगलेली', बस्स. ते तर सोनोग्राफीनंच सांगितलं होतं! खरी तपासणी निराळी. आधी सलाईन आणि लघवी होण्याचं औषध, मग गॅडोलिनियम, मग पुन्हा पुन्हा चित्रं. हे दुसरं औषध किडनीतून मूत्रवाहिनीत उतरायला किती वेळ लागला ते मोजतात. अटलांटाच्या डॉक्टरांनी बसवलेल्या पद्धतीत साधारण चार मिनिटांच्या आत उतरलं तर ठीक, आठच्या वर गेलं तर अडथळा. मधल्यांवर नजर ठेवायची. कुठली किडनी किती टक्के काम करते, तेही त्यातच निघतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयानं फुकट खुलं केलंय. अडतं ते हा हिशेब करत बसायला शिकलेल्या माणसापाशी. कोट्यवधींचं यंत्र घ्यायला मंजुरी मिळते, त्या माणसाची जागा कोण भरणार?

तोवर आईबापांनी पैसे भरण्याआधी काउंटरवर एवढंच विचारावं: दोन्ही किडन्यांचा टक्का आणि औषध उतरायचा वेळ रिपोर्टात लिहून देणार का?