गारठा त्यांचा, राख आमची



मे महिन्यात पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी आम्ही सहा-सात जण तालुक्याच्या गावी एका बँकेत गेलो होतो. बाहेर ४४ अंश तापमान. आत गर्दी नको म्हणून शेतकऱ्यांची रांग बाजूच्या बोळीत लावलेली. त्याच बोळीच्या भिंतीवर एसीची चार यंत्रे टांगलेली. एसी गारवा निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर फेकतो. ती फेकलेली उष्णता सरळ रांगेतल्या माणसांच्या तोंडावर येत होती. आत पाहिले तर एक बाई खांद्यावर शाल घेऊन लेजर तपासत होत्या, आणि दार सताड उघडे. सातबाराची सुरळी हातात धरून उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "आतला उनाया बी आमच्याच वाट्याले आला का बाप्पा?"

आजचे हे टिपण त्या म्हातारीच्या प्रश्नावर आहे.

हे पत्रक कापसाच्या भावाचे नि ज्वारीच्या खरेदीचे. त्यात शहरातल्या इमारतींचे काय काम, असे काही जण विचारतील. काम आहे. विजेचा विषय निघाला की वर्षानुवर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस उभा केला जातो, तो म्हणजे पंपवाला शेतकरी. फुकट वीज जाळतो, बिल भरत नाही, वीज मंडळ बुडवले. गंमत अशी की आपल्यातल्या बहुतेकांच्या शेतात पंपच नाही. पऱ्हाटी पावसावर, ज्वारी ओलीवर. घरात दोन दिवे, एक पंखा, आणि गावात एक पिठाची गिरणी. शिव्या मात्र आपल्यालाही पंपवाल्याइतक्याच. म्हणून जिल्हा बैठकीत विजेचा ठराव येण्यापूर्वी पिंजऱ्यासमोरच्या खुर्चीत बसलेल्यांचाही हिशेब एकदा मांडून घेऊ.

कृषी महाविद्यालयात आम्हाला हरितगृह शिकवले. काच सूर्याचा प्रकाश आत येऊ देते. आतली माती, पाने, लोखंड त्या प्रकाशाने तापतात. तापलेल्या वस्तूतून निघणारी उष्णता मात्र काचेतून सहज परत जात नाही. थंड मुलखात टोमॅटो, फुले पिकवायला ही युक्ती फार चांगली. आपल्याकडच्या शहाण्यांनी काय केले? पुण्या-मुंबईत, नागपुरात, आता तर जिल्ह्याच्या गावांतही चारी बाजूंनी काच लावून दहा-दहा मजली हरितगृहे बांधली आणि त्यात टोमॅटोऐवजी माणसे बसवली. माणसे शिजू लागली म्हणून मग एसी लावले. काचेतून डोळ्यांवर ऊन येते म्हणून पडदे ओढले. पडदे ओढल्यावर अंधार झाला म्हणून भर दुपारी दिवे लावले. दिवेही तापतात, म्हणून एसी आणखी मोठा केला. पश्चिमेची काच दुपारी तीननंतर काय करते हे पश्चिमेला दार असलेल्या गोठ्यातली म्हैससुद्धा सांगेल.

विदर्भातल्या कवेलूच्या घराला खोल पडवी असते, भिंतीवर ऊन पडतच नाही. मराठवाड्याच्या माळवदाला दोन-दोन फुटांच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन भिंत पार करेपर्यंत संध्याकाळ होते. सेवाग्रामची बापू कुटी १९३६ सालची, माती-बांबूची. एप्रिलच्या दुपारी तिथे जाऊन बसा आणि मग वर्ध्याच्या कुठल्याही नव्या काचेच्या दुकानात जाऊन बसा. माळवद पावसाळ्यात गळते, दरसाल माती टाकावी लागते, हे आम्ही विसरलेलो नाही. मातीच्या घरात परत जा असे आम्ही कोणाला सांगत नाही, स्वतःही जाणार नाही. पण भिंतीवर सावली, छतावर पांढरा रंग, पश्चिमेला कमी खिडक्या एवढे शहाणपण निरक्षर गवंड्याला होते, ते लाखो रुपये फी घेणाऱ्याला का नसावे?

आणि हे शहाणपण कायद्यातही आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्याखाली २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. जोडलेला भार १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त असलेल्या इमारतीचे छत, भिंती, काच, दिवे, एसी कसे असावेत ते तिने ठरवून दिले. खिडक्या भिंतीच्या ४० टक्क्यांच्या आत असाव्यात, असे तिच्या २०१७ च्या रूपात आहे. २०१७ च्या सुधारित संहितेप्रमाणे नीट बांधलेली इमारत साध्या इमारतीपेक्षा २५ टक्के वीज वाचवते, आणि वरच्या पायरीची ५० टक्के. २०२२ साली मूळ कायदाच आणखी कडक केला. मग अडले कुठे? राज्याने अधिसूचना काढायची, महापालिकेने बांधकाम परवान्यात ती घालायची आणि कोणीतरी जागेवर जाऊन तपासायचे, या तीन उंबरठ्यांवर. आंध्रने २०१४ साली आपली संहिता काढली. शेजारच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छताचे धोरण आणून व्यापारी आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचे केले. आमच्या कापसाच्या बोंडात ओलावा किती हे यंत्र लावून तपासणाऱ्या व्यवस्थेला इमारतीच्या छताचा रंग तपासता येत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा?

आता थोडे गणित. ब्युरोने २००९ साली कार्यालयांना तारे द्यायला सुरुवात केली. नागपूर ज्या हवामान विभागात मोडते तिथल्या वातानुकूलित कार्यालयाने वर्षाला दर चौरस मीटरमागे १६५ ते १९० युनिटे जाळली तर एक तारा, ९० च्या आत राहिले तर पाच तारे. ऊन तेच, काम तेच, खर्च दुप्पट. दहा हजार चौरस मीटरची एक इमारत घ्या. १९० वरून ९० वर आली तर वर्षाला १० लाख युनिटे वाचतात. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चारएक युनिटे घेतो. वर्षाला हजार तास चालवला तर चार हजार. म्हणजे एका इमारतीच्या उधळपट्टीत अडीचशे पंप चालतात. एवढ्या पंपांना संरक्षित ओलित देता आले असते तर किती एकर पऱ्हाटी बोंडे भरताना वाचली असती, ते तुम्हीच मोजा.

वीज भिंतीतल्या बटणातून येत नाही. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशाची आहे, आणि महाराष्ट्रातला हा कोळसा जळतो तो चंद्रपूरला, कोराडी-खापरखेड्याला, तिरोड्याला, पारसला, परळीला. म्हणजे आपल्या दारात. एकट्या चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॉटचे. कोळशाच्या एका युनिटामागे पावशेराच्या आसपास राख निघते. जुन्या केंद्रांना २०१५ च्या नियमांनी युनिटामागे साडेतीन लिटर पाणी वापरण्याची मुभा दिली. वरच्या त्या १० लाख युनिटांना लावून पाहा. ३५ लाख लिटर पाणी आणि दोनशे टनांवर राख, एका इमारतीसाठी, एका वर्षात. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला, शेते राखेखाली गेली आणि राख वाहत कन्हान नदीपर्यंत पोचली. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. बीडमध्ये माणसे टँकरमागे धावत होती त्या दिवसांतली गोष्ट आहे ही. अप्पर वर्धाचे सिंचनाचे पाणी नांदगावपेठच्या औष्णिक केंद्राला देण्याविरुद्ध अमरावतीचे शेतकरी रस्त्यावर उतरले, ते काही विजेचे वैरी होते म्हणून नव्हे.

टंचाई आली की कोणाचा दिवा विझतो हेही आपण पाहिले आहे. २००५ नंतरच्या भारनियमनात आपल्या गावांनी बारा-बारा तास अंधार काढला. मुंबईला झळ लागली नाही. पुण्याने २००६ साली वाट काढली. कारखान्यांची डिझेल जनित्रे चालवली, ग्राहकांनी जादा आकार भरला आणि शहर भारनियमनातून सुटले. मॉलच्या पाट्या बंद करून का नाही सुटले, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

काटकसर केली तर धंदा बसेल, ही ओरड खोटी आहे. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने २०११ साली एक इमारत बांधली. अर्ध्या भागात नेहमीचा एसी, अर्ध्या भागात छतातल्या नळ्यांतून गार पाणी फिरवणारी योजना. आपण नाही का दोन वाफ्यांत दोन खते टाकून पाहत, तसा हा सरळ प्रयोग. दुसऱ्या वाफ्यात सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. इतकेही करायचे नसेल तर एसीच्या बटणाला हात लावा. ब्युरोच्याच हिशेबाने तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू व्हावेत असा नियम आहे. पण रिमोट साहेबांच्या हातात, आणि साहेबांना १८ शिवाय साहेब झाल्यासारखे वाटत नाही.

आता घरातले भांडण. आपल्याच काही जुन्या कार्यकर्त्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. ते म्हणतात, जळू द्या. मॉलवाला, कार्यालयवाला युनिटाला जास्त दर देतो, त्यातून शेतीची वीज स्वस्त राहते. तो काटकसर करू लागला तर भार आपल्यावर येईल. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते उडवून लावता येत नाही. व्यापारी दर खर्चापेक्षा जास्त आहे आणि शेतीचा कमी, हे खरे. पण ज्याच्याकडे पंप नाही त्या कोरडवाहूला यातून काय मिळते? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून जी मोफत वीज जाहीर झाली तिचा पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो, आणि त्या तिजोरीत आपण कीटकनाशकाच्या बाटलीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतो. शिवाय मोठे ग्राहक स्वतःच्या छतावर सौर पट्ट्या बसवून, बाहेरून वीज घेऊन हळूहळू निघून चालले आहेत. त्यांच्या उधळपट्टीच्या खुंटीवर आपली झोळी टांगून ठेवणे हे शेतकऱ्याचे धोरण असू शकत नाही.

आणि सूट-सबसिडीची भाषा काढायचीच असेल तर पूर्ण काढू. ओईसीडी आणि दिल्लीच्या इक्रिअर या संस्थांच्या २०१८ च्या अहवालाने सांगितले की २००० ते २०१६ या काळात सरकारी धोरणांनी भारतीय शेतकऱ्याचे, शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के नुकसान केले. संघटना हेच ओरडून सांगत आली, तेव्हा आम्हाला वेडे ठरवले होते. २०२५ साली १९ ऑगस्टला, वेचणीच्या तोंडावर, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले ते वर्षअखेरपर्यंत. त्या हंगामात आपल्या खिशातून गेलेल्या पैशात किती एसी चालले असतील!

आपलीही चूक कबूल करू. पंपाला कपॅसिटर लावत नाही, ऑटो स्विच लावून ठेवतो, वीज आली की सगळ्या पंपांची एकदम धडधड सुरू होते आणि डीपी जळते. रात्री वीज देणारे त्याला जास्त जबाबदार, पण कपॅसिटर बसवायला कोणाची परवानगी लागत नाही.

जिल्हा बैठकीत ठरावाचा मसुदा असा मांडणार आहोत. सरकारी कार्यालये, बँका, मॉल, रुग्णालये, ज्यांचा भार १०० किलोवॉटच्या वर आहे त्यांनी वर्षाला किती युनिटे जाळली आणि चौरस मीटरमागे किती पडली, हे आपल्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावे. सोसायटी आमची थकबाकी चावडीवर लावते, तशीच. सुरुवात जिल्हाधिकारी कार्यालयापासून व्हावी. संहितेची तपासणी झाल्याशिवाय नव्या व्यापारी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. वाचलेल्या विजेतून रात्रीच्या पाळीचे पंप दिवसावर आणावेत. आणि बाहेर टांगलेली एसीची यंत्रे माणसांच्या रांगेवर सोडू नयेत, हे कलम त्या म्हातारीच्या नावाने.

ठरावाबरोबर माहिती अधिकाराचे दोन अर्ज प्रत्येक तालुक्यातून जातील. एक सार्वजनिक बांधकाम विभागाला, जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी इमारतींचे क्षेत्रफळ आणि वर्षाची युनिटे विचारणारा. दुसरा महापालिका किंवा नगरपालिकेला, २०१७ पासून किती मोठ्या व्यापारी इमारतींना परवाने दिले आणि त्यांतल्या किती संहितेवर तपासल्या, हे विचारणारा. नमुने तालुकाप्रमुखांकडे ठेवले आहेत. प्रत्येक अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागेल, दारिद्र्यरेषेखालच्या भावांना तोही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि बाहेर बोळीत थांबा म्हणाले तर थांबू नका, आत जाऊन बसा.