विश्लेषण : वाहतूक नियोजनाचे शिक्षण कशासाठी?

चौकात कोंडी झाली की उड्डाणपुलाची मागणी पुढे येते. मात्र नवा रस्ता काही वेळा सर्वांचाच प्रवास लांबवू शकतो, हे जर्मन गणितज्ञ डिट्रिश ब्राएस यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले. असे परिणाम आधीच ताडण्याचे शास्त्र म्हणजे वाहतूक अभियांत्रिकी आणि नियोजन.

भारतात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीत या विषयाची तोंडओळख होते. सखोल अभ्यास प्रामुख्याने पदव्युत्तर स्तरावर होतो. मुंबईची आयआयटी, नागपूरची व्हीएनआयटी, दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर येथे तशी सोय आहे. किती लोक प्रवासाला निघतील, कुठे जातील, कोणते वाहन आणि कोणता मार्ग निवडतील, याचा चार टप्प्यांत अंदाज बांधायला विद्यार्थी शिकतात.

वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची, असे २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगते. तरी २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. म्हणूनच केवळ सल्लागारांच्या अहवालांवर विसंबून चालणार नाही. निविदा निघण्यापूर्वी ‘हा पूल खरेच हवा का?’ असे विचारणारे प्रशिक्षित तज्ज्ञ महापालिकांच्या सेवेतच हवेत.