इम्पोर्टेड टायर घेताय? आधी त्याच्यावरचा नंबर फोनमध्ये टाका

मागच्या महिन्यात बाबांच्या गाडीसाठी टायर बघायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "हा घ्या, इम्पोर्टेड माल आहे, आणि वर स्वस्तपण." टायरच्या बाजूवर आयएसआय मार्क होता. मी सहज त्याच्या खालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला. लायसन्स खरं निघालं, चालूही होतं. पण ॲपमध्ये कारखान्याचा पत्ता एका देशातला, आणि टायरवर 'मेड इन' भलत्याच देशाचं. दाखवलं तर दुकानदार म्हणतो, "अहो, कंपनी तीच आहे ना!"

कंपनी तीच असेल हो. पण बीआयएसचं लायसन्स कंपनीच्या नावाला मिळत नाही, एका ठरावीक कारखान्याला मिळतं. त्या कारखान्याची तपासणी होते, तिथल्या टायरची चाचणी होते, मग नंबर मिळतो. त्याच ब्रँडच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्याला स्वतःचा वेगळा नंबर लागतो. म्हणजे माझ्यासमोरच्या टायरवरचा नंबर खरा होता, फक्त तो त्या टायरचा नव्हता. कोडिंगवाल्यांना सांगायचं तर टोकन व्हॅलिड, पण युजर दुसराच.

नियम काही कालचा नाही. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने गाड्यांच्या टायरला आयएसआय मार्क सक्तीचा केला. कारच्या टायरचं मानक आयएस १५६३३, दुचाकी-तीनचाकीचं आयएस १५६२७. टायर चाकणला बनला काय किंवा परदेशात, नियम सारखाच. परदेशी कारखान्याला तर भारतात एक अधिकृत प्रतिनिधीही नेमावा लागतो, म्हणजे गडबड झाली तर पकडायला कोणीतरी इथे असावं. त्यात २०२० च्या जूनमध्ये सरकारने टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' केली, म्हणजे आणायलाही परवाना.

हा "पकडायला कोणीतरी" मुद्दा किती महत्त्वाचा आहे, ते अमेरिकेत २००७ साली दिसलं. न्यू जर्सीच्या एका छोट्या आयातदाराने चीनमधून आणलेल्या टायरमध्ये, पट्ट्यांचे थर सुटू नयेत म्हणून लागणारी रबराची पट्टी नाही किंवा अपुरी आहे, असं समोर आलं. चिनी कंपनीने दोष नाकारला. तिथल्या कायद्यात आयातदार हाच उत्पादक धरला जातो, त्यामुळे सुमारे साडेचार लाख टायर परत मागवायची जबाबदारी त्याच्यावर आली. तो म्हणाला, एवढे पैसेच माझ्याकडे नाहीत! आता विचार करा, टायरवरचा नंबरच चुकीचा असेल तर परत कुठले टायर मागवणार?

आता माझी खरी तक्रार. २०२२ मध्ये आपल्याकडे कार, बस आणि ट्रकच्या टायरसाठी एआयएस-१४२ आलं. त्यात तीन गोष्टी तपासतात: टायर फिरताना किती इंधन खातो, ओल्या रस्त्यावर पकड कशी आहे, आवाज किती करतो. नियम चांगलाच आहे. पण तो पास-नापासचा आहे. कट-ऑफला जेमतेम पोचलेला टायर आणि टॉपर, दोघे दुकानात एकाच रॅकवर, आणि गिऱ्हाईकाला फरक दाखवायची सक्ती या नियमात नाही.

युरोपात हेच तीन मुद्दे लेबलवर छापतात. इंधन आणि ओली पकड यांना ए ते ई असे वर्ग. मे २०२१ पासून त्यावर क्यूआर कोडही असतो, स्कॅन केला की त्या मॉडेलची नोंद सरकारी डेटाबेसमध्ये उघडते. ऑनलाइन विकणाऱ्यालाही लेबल दाखवावंच लागतं. तिथल्या जुन्या लेबलच्या वेळी सांगितलेला आकडा असा: ताशी ८० किलोमीटर वेगाने ब्रेक मारला तर ओल्या रस्त्यावर सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट वर्गात थांबण्याच्या अंतराचा फरक १८ मीटरपर्यंत. चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी ही जागा! जुलैमध्ये खंडाळ्याच्या घाटात गाडी चालवलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

चाचणी आपणही करतो, मग आकडे आहेतच. ते लोकांसमोर ठेवायला एक सर्च बॉक्स लागतो. आमच्या ऑफिसातला इंटर्न हे दोन आठवड्यात करून देईल. (तिसरा आठवडा बग काढायला.)

तोवर तुमच्या हातात फोन आहे. नंबर टाकल्यावर हिरवा टिक बघून थांबू नका, पत्ता आणि देशही वाचा. तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. स्कूटरवाल्यांनी साइजनंतरचं ५४जे सारखं काहीतरी वाचा. ५४ म्हणजे २१२ किलोपर्यंत भार, जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर.

मी शेवटी दुसऱ्या दुकानातून टायर घेतला, थोडा महाग पडला. बाबा अजून विचारतात, "टायर घ्यायला ॲप कशाला लागतं रे?"